चौदा नंबरची बस सजली नाही

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी बेअरवॉलोच्या शाळेत बस ड्रायव्हरांची बैठक संपत आली होती. खुर्च्या सरकायला लागल्या होत्या, हॉबर्टनं टोपी डोक्यावर चढवलीसुद्धा होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून लीथा कॉडिलनं हात वर केला.

"सर, माझी बस मी सजवणार नाही," ती म्हणाली. "वेषही घेणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी तुमची पंचाईत नको."

मुख्याध्यापक हॅस्केल प्रुइट नवे होते. उन्हाळ्यातच लेक्सिंग्टन शहरातून या डोंगरात आलेले, अंगात हौस मावत नव्हती. यंदा हॅलोवीनला शाळेच्या आठही बस सजवायच्या, असं त्यांनी जाहीर केलं होतं. खिडक्यांना कोळ्याची जाळी, छताला कागदी वटवाघळं, दाराला सांगाडा. ड्रायव्हरनं चेटकीण, भूत, जे जमेल ते व्हायचं. सगळ्यांत झकास जी बस ठरेल तिच्यातल्या सगळ्या मुलांना आइस्क्रीमची मेजवानी.

"तुला कशाला गं वेष लागतो, लीथा?" हॉबर्ट म्हणाला. "हा अंबाडा, हा घोट्यापर्यंतचा झगा. हातात झाडू दिला की झालं काम."

सगळे हसले. लीथाही हसली. "झाडू तुझ्याच बसला दे, हॉबर्ट. आत पाय ठेववत नाही." मग ती पुन्हा प्रुइटसाहेबांकडे वळली. "पण मी थट्टेत बोलत नाहीये, सर."

ती थट्टेत बोलत नाहीये हे त्या खोलीत प्रुइटसाहेब सोडून सगळ्यांना कळलं होतं.

लीथा तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. उंच, हाडापेरानं मजबूत. ओढ्यापलीकडच्या होलीनेस नावाच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत ती जन्मली, तिथंच वाढली. त्या मंडळीतल्या बायकांसारखी तिनंही केसांना कधी कात्री लावली नव्हती, अंगावर दागिना घातला नव्हता, घरात टीव्ही आणला नव्हता. चौदा नंबरची बस ती अठरा वर्षं चालवत होती. गावातून निघायचं, बेअरवॉलोच्या ओढ्याकाठानं वर चढायचं, डांबर संपतं तिथून खडी, खडी संपते तिथून चिखल, आणि चिखलाच्याही पुढं शेवटचं घर. वाटेवर अडतीस मुलं. बर्फ पडला की पहाटे उठून चाकांना साखळ्या ती स्वतः बांधायची. कुणाच्या घरी बाळ झालंय, कुणाचा बाप ओहायोला कामाला गेलाय, कोण रिकाम्या पोटी आलंय, हे मूल पायरी चढेपर्यंत तिला कळायचं. डब्यात सफरचंदाचा मुरंबा लावलेले चार पाव जास्तीचे असायचे, ते रोज कुणा ना कुणाच्या हातात जायचे. बसमध्ये मात्र देवाधर्माचा शब्द तिनं अठरा वर्षांत काढला नव्हता. "बस म्हणजे चर्च नव्हे," म्हणायची. "इथं सगळ्यांची मुलं असतात."

सोमवारी सकाळी प्रुइटसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

"बसा, कॉडिलबाई. मला समजून घ्यायचंय. खाण बंद पडल्यापासून या गावातल्या मुलांना हसायला कारण उरलेलं नाही. मला त्यांना एक दिवस द्यायचाय, बस एवढंच. कागदाची वटवाघळं आहेत ती. त्यात देवाच्या विरोधात काय आलं?"

"तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणतच नाही, सर." लीथानं हात मांडीवर एकावर एक ठेवले. "चेटूक, भुतंखेतं, मेलेल्यांना हाका मारणं हे देवानं मना केलंय, असं आम्हाला शिकवलंय. जे मना आहे त्याचं सोंगही आणायचं नाही. खेळ म्हणून पण नाही. आता तुम्ही म्हणाल, ही जुन्या लोकांची समजूत. असेल. पण ती माझीच आहे. आणि कुणी शिकवलं नसतं तरी तो सांगाडा मी दाराला टांगला नसता. माझ्या नवऱ्याला खाणीतून तिसऱ्या दिवशी काढलं होतं. ओळखायला मला बोलावलं. ते बघितल्यावर मरण दाराला टांगून हसता येत नाही हो."

प्रुइटसाहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मग असं करा. त्या दिवशी आजारपणाची रजा घ्या. मी सही करतो. कुणी विचारणार नाही."

"मी आजारी नाही."

"नावापुरतं म्हणतोय मी."

"नावापुरतं खोटं म्हणजे खोटंच की, सर."

"बरं, तुम्ही हात लावू नका. आदल्या दिवशी दुसरं कुणी येऊन बस सजवेल. तुम्ही फक्त चालवा."

"मग ती बस मी चालवणार नाही."

आता साहेबांचा आवाज जरा चढला. "हे बघा, आठांतल्या सात बस तयार आहेत. एकीच्या हट्टापायी अडतीस मुलांनी मागं राहायचं का? मला दुसरा ड्रायव्हर नेमावा लागेल, आणि तुमच्या कागदपत्रांत तशी नोंद करावी लागेल."

"तो तुमचा अधिकार आहे," लीथा उठत म्हणाली. "माझा मी तुम्हाला सांगितला."

तीन दिवसांत ही गोष्ट ओढ्याच्या दोन्ही काठांना पोचली. किराणा दुकानात एका आईनं तिला सगळ्यांसमोर अडवलं. "तुमचा देव तुमच्या घरी ठेवा, लीथाबाई. माझ्या पोराचं आइस्क्रीम कशाला बुडवता?"

"मी कुणाच्या घरात शिरले नाही," लीथानं पिठाची पिशवी उचलत सांगितलं. "माझ्या बसला भुतं लावायला लोक आलेत."

तिथं ती तोंडाला तोंड देऊन मोकळी झाली. बसमध्ये ते जमेना. एरवी मुलांचा इतका कालवा असायचा की इंजिनाचा आवाज ऐकू येत नसे. आता पोरं कुजबुजायची आणि आरशात तिची नजर पडली की गप्प व्हायची. काचेवर वाफ धरली होती, तिच्यावर कुणीतरी बोटानं लिहिलं होतं, ‘चौदा नंबरला काय मिळणार? प्रार्थना.’ लीथानं ते वाचलं, ओठातल्या ओठात हसलीही, आणि शेवटच्या घराशी बस वळवून झाल्यावर फडक्यानं पुसलं.

तिची नात टॅमरा नऊ वर्षांची होती. गावातल्या थांब्यावर चढायची आणि पहिल्या दिवसापासून आजीच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसायची. त्या आठवड्यात ती न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसली. शुक्रवारी उतरताना मात्र थांबली.

"आजी, तुझ्यामुळं सगळे माझ्याशी बोलेनासे झालेत."

"सगळे?"

"लॅसी आणि डार्ला."

"हं."

"तू नुसती एक टोपी घाल ना. फक्त टोपी. टोपीला देव काही म्हणणार नाही."

"चेटकिणीची टोपी का?"

"मग काय गवळ्याची?" टॅमराचे डोळे भरून आले. "आई म्हणते ते खरंच आहे. तुला आमच्यापेक्षा तुझी मंडळी जास्त."

पोर उतरून गेली. लीथानं दार लावलं, आरशात मागचे चेहरे मोजले आणि गाडी पुढं काढली. पण ते शब्द संध्याकाळभर तिच्याबरोबर हिंडत राहिले.

मंडळीत वेगळीच हवा होती. बुधवारच्या प्रार्थनेनंतर पाळक ब्रदर एल्झी यांनी तिचे दोन्ही हात धरले. "सिस्टर लीथा, प्रभूनं तुला उभं केलंय. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. एकतीस तारखेला सगळी मंडळी पाट्या घेऊन शाळेच्या फाटकात उभी राहणार. शनिवारी रेडिओवर माझं प्रवचन आहे, त्यात मी त्या प्रुइटचं नाव घेणार. सैतानाची पूजा शाळेत आणतोय तो."

भोवतालच्या माना डोलल्या. लीथाची डोलली नाही.

"तो सैतानाची पूजा करत नाही, ब्रदर. मुलांना आइस्क्रीम द्यायला बघतोय. माझ्या लेखी चुकीच्या रस्त्यानं, पण बघतोय."

"त्याच्या पोटात काय आहे हे तुला काय ठाऊक?"

"मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. म्हणूनच रेडिओवर बोलायचं नाही."

"आणि फाटक?"

"त्या फाटकातून माझी अडतीस मुलं आत जातात. त्यांनी तुमच्या पाट्यांमधून वाट काढायची, आपल्या आयांना नावं ठेवलेली वाचत? तुम्ही तिथं उभे राहिलात तर बस थांबवून मी स्वतः खाली उतरेन आणि तुम्हाला बाजूला करेन."

ब्रदर एल्झी यांनी तिचे हात सोडले. "ही अर्धी निष्ठा झाली, सिस्टर."

"मी नाही म्हटलं ते माझ्यापुरतं," लीथा म्हणाली. "दुसऱ्याच्या वतीनं नाही म्हणायला मला कुणी सांगितलेलं नाही."

हे वाक्य तिच्या तोंडून सहज निघालं खरं, पण घरी येताना ते तिलाच टोचायला लागलं. एकदा तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी वतीनं नाही म्हटलं होतं. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

तिची एकुलती एक मुलगी वॅनेटा गावात केशकर्तनालय चालवायची. तिनं मंडळी सोडली, केस कापले, वर कापायचाच धंदा काढला, तेव्हापासून मायलेकींचं बोलणं हवापाण्यापलीकडं जात नसे. नवरा डेटनच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. टॅमराला घेऊन वॅनेटा दुकानाच्या वरच दोन खोल्यांत राहायची. त्या दुकानात लीथानं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. शनिवारी दुपारी ती दार ढकलून आत गेली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वॅनेटा जमिनीवरचे केस झाडून गोळा करत होती. तिनं वर बघितलं, आणि आधी तिला वाटलं कुणीतरी गेलंय.

"कोण मेलं?"

"कुणी नाही. टॅमरा काय म्हणाली ते तुला कळलं असेल. तू घरात असं बोलतेस का, की मला तुमच्यापेक्षा मंडळी जास्त?"

"बोलते," वॅनेटानं केरसुणी भिंतीला टेकवली. "खोटं आहे का?"

लीथा उभीच होती. बसायला जागा म्हणजे केस वाळवायच्या यंत्राखालच्या त्या खुर्च्या. शेवटी ती त्यातल्याच एकीवर टेकली. वॅनेटाला हसू आलं असतं, पण ती वेळ नव्हती.

"आई, तू एकटीचं काय ते ठरवलंस तर मला काही म्हणायचं नाही. पण तुझ्या नाहीचं ओझं नेहमी पोरांनी वाहायचं. मी सहा वर्षं वाहिलं. दर हॅलोवीनला शाळेला तुझी चिठ्ठी, हिला यात घेऊ नका म्हणून. सगळा वर्ग जमायचा सभागृहात, आणि मी नकाशे ठेवायच्या खोलीत बसायची. दार लावून. गाणी ऐकू यायची."

"तुला जायचं होतं ते मला ठाऊक होतं. सगळ्याच मुलांना असतं."

"नाही, तुला ठाऊक नव्हतं." वॅनेटाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पहिलं वर्ष आठवतं तुला? बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. मी दहा वर्षांची होते. शाळेत जिकडं जाईन तिकडं लोक माझ्या तोंडाकडं बघायचे. बाई बघायच्या, स्वयंपाकघरातल्या बायका बघायच्या, पोरं बघायची. ती बघ, डेन्व्हर कॉडिलची मुलगी. माझ्या चेहऱ्यावर जसं लिहूनच ठेवलं होतं. मला भूत व्हायचं नव्हतं, चेटकीण व्हायचं नव्हतं. मला फक्त एक मुखवटा हवा होता. कुठलाही. सशाचा चालला असता. एक दुपार कुणी मला ओळखायला नको होतं."

वॅनेटानं पायाशी पडलेले केस पुन्हा ढिगात लोटले.

"आणि तू चिठ्ठी पाठवलीस. मग सगळी शाळा पुन्हा बघायला लागली. ती बघ, डेन्व्हर कॉडिलची मुलगी, तिला तेही करू देत नाहीत."

बाहेरून एक लाकडांचा ट्रक गेला, काच थरथरली. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. त्या वर्षी हॅलोवीनच्या आठवड्यात शाळेच्या दाराला कागदी सांगाडा बघून लीथा ओढ्याकाठी जाऊन ओकली होती. घरी येऊन तिनं चिठ्ठी लिहिली. आपण मुलीला त्या दारापासून वाचवतोय असंच तिला वाटलं होतं. मुलीला कशापासून वाचायचंय, हे तिच्या मनात आलं नाही.

"मला ठाऊक नव्हतं," ती अखेर म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." लीथानं मान खाली घातली नाही, मुलीकडं बघतच ती बोलली. "ते चुकलं माझं, वॅनेटा. फार चुकलं."

वॅनेटा या उत्तराला तयार नव्हती. तिनं उगाचच कात्र्या एका ओळीत लावल्या, परत विस्कटल्या.

"म्हणजे आता बस सजवणार?"

"नाही."

वॅनेटाच्या नाकातून हसू फुटलं, तिच्या मनाविरुद्ध. "तू म्हणजे ना, आई."

"त्यात बदल नाही. जे मला देवासमोर करवत नाही ते नाही करवत. पण तुझ्या वतीनं मी बोलले आणि तुला विचारलं नाही, ते वेगळं. टॅमराचं तू ठरव. ती काय होतेय?"

"चेटकीण," वॅनेटा म्हणाली आणि आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

लीथानं एक श्वास घेतला. "थंडी असेल. आतून गरम कपडे घाल तिला," ती म्हणाली, आणि त्या यंत्राखालून वाकून बाहेर आली.

सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिनं बस चालूच केली नाही. चावी खिशात ठेवली, उठून मधल्या वाटेत उभी राहिली. अडतीस तोंडं तिच्याकडं वळली.

"तुमच्यापाशी मी बोलायला हवं होतं, ते राहिलं," ती म्हणाली. "मोठ्यांशीच बोलत बसले. चौदा नंबर सजणार नाही, हे खरंय. माझ्या धर्मात मला ते चालत नाही. तुमच्या घरी चालत असेल, तर तो तुमच्या घरचा प्रश्न, तुम्ही वाईट ठरत नाही. पण माझ्यामुळं तुमची मेजवानी जाणार. तसं व्हायला नको होतं, आणि ते माझ्याच्यानं होतंय."

"हा अन्याय आहे," मधल्या बाकावरून डार्ला म्हणाली.

"आहे," लीथा म्हणाली. "म्हणून मी हॉबर्टशी बोललेय. त्याच्या बसमध्ये जागा आहे. त्या दिवशी ज्यांना तिकडं जायचं असेल त्यांनी घरून सही आणायची. तो फाट्याशी थांबेल, मी तुम्हाला तिथवर आणून सोडेन. त्याची बस जिंकली तर आइस्क्रीम तुमचंही. मला वाईट वाटेल म्हणून कुणी थांबायचं नाही. वाटलं तर माझं मला वाटेल."

"वेष घालून तुमच्या बसमध्ये चढलं तर चालेल?" कुणीतरी विचारलं.

"वेष चालेल. मुखवटा मांडीवर ठेवायचा. मला आरशात तुमचे चेहरे दिसले पाहिजेत. एखादं मूल कमी भरलं तर मी काय सशांना विचारत बसू?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. आठवडाभरात बसमधलं ते पहिलं हसू होतं.

बुधवारपर्यंत अकरा चिठ्ठ्या आल्या. एवढ्या येतील असं तिला वाटलं नव्हतं. मुरंब्याचे पाव खाऊन मोठी झालेली दोन मुलंही त्यात होती. अकरावी चिठ्ठी वॅनेटाच्या अक्षरात होती. लीथानं सगळ्या चिठ्ठ्या नीट लावून प्रुइटसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"ही अकरा मुलं हॉबर्टकडं. बाकीची सत्तावीस माझ्याकडं. उद्या सहा वाजता मी बसवर असेन, सर. मला काढायचं असेल तर तसं लिहून, कारण घालून, माझ्या हातात द्या. मी तक्रार करणार नाही. पण तोंडी सांगितलंत तर मी ऐकणार नाही."

साहेबांनी चिठ्ठ्या चाळल्या, एकेक सही वाचली. "हे तुम्ही स्वतः केलंत? त्यांना दुसऱ्या बसमध्ये पाठवायचं?"

"मुलांनी मागं राहू नये असं तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी खणातून कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले. लीथा उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली असतील.

"उद्या धुकं असेल म्हणतात," साहेब शेवटी म्हणाले. "सांभाळून चालवा." आणि त्यांनी कागद परत खणात टाकला.

धुकं खरंच होतं. एकतीस तारखेला सकाळी ओढ्यावरचे दोन्ही पूल दिसत नव्हते. खडीच्या रस्त्यावर एकेका थांब्याशी कधी समुद्री चाचा, कधी परी, कधी चादर पांघरलेलं भूत उभं असायचं, आणि पायरीवर पाय ठेवताना भूत चादर वर करून म्हणायचं, "गुड मॉर्निंग, लीथाबाई." लीथा प्रत्येकाचं नाव घेत होती. फाट्याशी हॉबर्टची बस जाळ्यांनी भरलेली उभी होती, आणि स्वतः हॉबर्ट पिठानं तोंड माखून बसला होता. दहा मुलं उतरून तिकडं गेली. अकरावी, टॅमरा, आज गावातल्या थांब्यावर चढलीच नव्हती; आईचं बोट धरून ती फाट्याशीच उभी होती. काळा झगा, काळी टोपी, गालावर हिरवा रंग.

लीथानं दार उघडंच ठेवलं होतं. आजी आणि नात एकमेकींकडं बघत राहिल्या.

"आतून गरम घातलंय ना?"

"दोन-दोन," टॅमरा म्हणाली आणि पळत हॉबर्टच्या बसमध्ये चढली.

टॅमरा बाकावर बसेपर्यंत लीथा थांबली. मग दार लावून तिनं सत्तावीस मुलं घेऊन बस पुढं काढली. शाळेच्या फाटकात पाट्या नव्हत्या.

दरवर्षी त्या संध्याकाळी ती घरातले दिवे मालवायची आणि मंडळीबरोबर प्रार्थनेला जाऊन बसायची. त्या संध्याकाळी ती वॅनेटाच्या जिन्यावर चढली. टॅमरा शेजाऱ्यांच्या मुलींबरोबर खाऊ मागत हिंडायला गेली होती. वॅनेटानं दार उघडलं ते हातात गोळ्यांचं भांडं घेऊन, कारण तिला वाटलं मुलंच आली.

"मी दार उघडणार नाही आणि भांड्याला हात लावणार नाही," लीथा म्हणाली. "पण तुझ्याकडं बसले तर चालेल का? तुझ्या बाबांबद्दल आपण कधी बोललो नाही."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. वॅनेटानं उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. दर चार मिनिटांनी खालून आरोळी यायची, वॅनेटा उठून जायची, गोळ्या वाटून परत यायची, आणि लीथा अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं चालू करायची. डेन्व्हरला शीळ घालता येत नव्हती आणि तरी तो घालायचा. त्याच्या बुटांचा वास. तिसऱ्या दिवशी लीथानं काय बघितलं ते, आणि ते मुलीला का सांगितलं नाही ते. वॅनेटा एकदा उठली ती दाराकडं गेलीच नाही, खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. खाली मुलं हाका मारून निघून गेली.

ही गोष्ट मंडळीत रविवारच्या आत पोचली. ब्रदर एल्झी यांनी प्रवचनात नाव घेतलं नाही. आपल्यातलेच काही जण, ते म्हणाले, दिवसा देवाची साक्ष देतात आणि त्याच संध्याकाळी जिथं भुतांना खाऊ वाटला जातो त्या घरी जेवायला बसतात. बाकांवर माना वळल्या.

लीथा उभी राहिली. प्रवचन चालू असताना मध्येच उभं राहणं त्या मंडळीत कुणी करत नसे, बायका तर नाहीच.

"ती मी आहे, ब्रदर," ती म्हणाली. "नाव घेऊन बोला. मी माझ्या मुलीच्या घरी जेवले. पुढच्या वर्षीही जेवणार आहे. बस सजवणार नाही आणि जेवायची थांबणार नाही. यातलं देवाला काय आवडलं नसेल, ते मी त्यालाच विचारेन."

ब्रदर एल्झी यांनी पुस्तकाची दोन पानं पुढं-मागं केली आणि विषय दुसरीकडं नेला. लीथा खाली बसली. त्या दिवशी बाहेर पडताना तिच्याशी फारसं कुणी बोललं नाही, पण पुढच्या रविवारी ती आपल्या नेहमीच्या बाकावर होती, आणि त्याच्या पुढच्याही.

दुसऱ्या वर्षीच्या सूचनेत प्रुइटसाहेबांनी ‘ज्यांची इच्छा असेल त्यांनी’ असे शब्द घातले. चौदा नंबरची बस लीथानं आणखी अकरा वर्षं चालवली. ती कधी सजली नाही. कुठल्या वर्षी दहा, कुठल्या वर्षी पंधरा मुलं फाट्याशी उतरून दुसरीकडं जात राहिली, आणि लीथा दर वर्षी ऑक्टोबरात, चावी खिशात ठेवून, आधी त्यांना विचारत राहिली.